एक्केचाळीस जणी उभ्या राहिल्या

सिस्टरांनी आयुष्यात जेवढी भाषणं केली, तेवढी सगळी आडव्या पडलेल्या माणसांपुढे केली. हात सैल सोडा, तोंड उघडा, आता रडून काय उपयोग, शिडीवर चढताना विचार करायचा होता. ऐकणाऱ्याला उठून जाता येत नसे, त्यामुळे आपलं म्हणणं लोकांना पटतं असा सिस्टरांचा समज झाला होता. बसलेल्या माणसांपुढे, तेही टेबलामागे बसलेल्या, बोलायची वेळ त्यांच्यावर सत्तावन्नाव्या वर्षी आली. ती आणली त्यांच्या नणंदेनं.

सिस्टरांना स्वतःचं नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या रजिस्टरात. एकोणिसाव्या वर्षी डोक्यावर पांढरी टोपी चढली आणि नाव गळून पडलं. दूधवाला सिस्टर म्हणे, शेजारी सिस्टर म्हणत, आणि लग्नाला पंचवीसेक वर्षं झाल्यावर एकदा नवराही "सिस्टर, जरा पाणी" म्हणाला, तेव्हा त्यांनी पाणी द्यायच्या आधी त्याचा ताप बघितला. हा नवरा पुढे वारला आणि मागे दोन गोष्टी ठेवून गेला: तिसऱ्या मजल्यावरची तीन खोल्यांची जागा आणि एक बिनलग्नाची बहीण. दोन्ही सिस्टरांच्या ताब्यात आल्या, आणि दोन्हींत दुरुस्तीला वाव नव्हता.

नणंद विधिमंडळाच्या सचिवालयात, विधेयकं टाइप करणाऱ्या शाखेत, चौतीस वर्षं होती. कुत्र्याच्या पट्ट्यापासून पुलाच्या खांबापर्यंत राज्यात जो काही कायदा झाला, तो आधी तिच्या बोटांखालून गेला होता. त्यामुळे कायद्याबद्दल तिला तेवढाच आदर होता जेवढा आचाऱ्याला पंगतीतल्या पदार्थांबद्दल असतो. "कायदा म्हणजे काय, वहिनी," ती म्हणायची, "शंभर माणसांनी न वाचलेला कागद, ज्याच्यावर एकशेएकावा सही करतो."

सिस्टरांना हे ऐकवत नसे. त्या म्हणजे नियमाचं माणूस. एकोणतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली, त्यांतली बावीस शस्त्रक्रियेच्या वॉर्डात, आणि नंतरची नऊ घरोघर फिरून. बॅग खांद्याला लावायची, बस पकडायची, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, घरच्यांना चार शब्द सुनवायचे आणि पुढचं घर गाठायचं. या सगळ्या काळात त्यांनी कधी रिकाम्या रस्त्यावरसुद्धा लाल दिवा ओलांडला नव्हता.

अशी दोन माणसं एका घरात राहत असताना नणंदेच्या पाठीत दुखू लागलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर हाडांत पसरला होता. तरुण डॉक्टरनं ते पुष्कळ आडवळणानं सांगितलं आणि तिनं ते सरळ ऐकलं. तिनं एकच अट घातली: जे काय व्हायचं ते घरी, आपल्या पलंगावर. "तुमच्या त्या वॉर्डात मला कोण ओळखतं? भांडायचं कुणाशी?"

अट साधी होती, पण आडवा आला कायदा. हाडांच्या दुखण्याला जे कडक औषध लागतं, त्याचं इंजेक्शन डॉक्टर समोर हजर असल्याशिवाय कुणी द्यायचं नाही, असं त्यात लिहिलेलं होतं. घरी येणारा डॉक्टर फक्त मंगळवारी यायचा. दुखणं मंगळवारची वाट बघत नाही. मग इतर दिवशी काय करायचं, तर दोन हमाल बोलवायचे, नणंदेला खुर्चीला बांधायचं, चोपन्न पायऱ्या उतरवायच्या, ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं, इस्पितळात नेऊन, डॉक्टर सापडेपर्यंत बाकावर थांबवून, सुई टोचायची आणि त्याच चोपन्न पायऱ्या चढवून परत आणायचं. टोचायचं कुणी, तर सिस्टरांनीच. डॉक्टर फक्त दारात उभा राहून मोबाइल बघायचा. दुसऱ्या खेपेला वळणावर खुर्ची भिंतीला लागली आणि नणंदेची बरगडी तडकली. म्हणजे इंजेक्शन घ्यायला जाताना जेवढं दुखायचं, त्याच्यासाठी आणखी एक इंजेक्शन लागलं असतं.

नणंदेनं एकदाच विचारून बघितलं. "बॅगेत घालून आणता नाही का येत गं? मी कुणाला सांगणार आहे?"

"वन्सं, ते कपाटात असतं. दोघांच्या सह्या लागतात."

"चौतीस वर्षं कायदे टाइप केले मी. ते पाळणारं माणूस बघायचं होतं, ते घरातच निघालं, बघ."

सिस्टरांनी उशी सारखी केली आणि स्वयंपाकघरात जाऊन एक अगदी स्वच्छ भांडं पुन्हा घासलं.

चार दिवसांनी नणंदेनंच विषय काढला. हा कायदा बदलायचं विधेयक आहेच, ती म्हणाली. शिकलेल्या परिचारिकेला, डॉक्टरनं आधी लिहून दिलेल्या मात्रेत, रोग्याच्या घरी हे इंजेक्शन देता यावं, एवढंच त्यात आहे. "मीच टाइप केलंय ते, तीन वेळा. तिन्ही वेळा मेलं. आता चौथ्यांदा कुणीतरी मांडलंय, पेपरात कोपऱ्यात आलं होतं. समितीत पडलं असेल उताणं."

आणि मग पलंगावर पडल्या पडल्या तिनं वहिनीची शिकवणी घेतली. ती अशी की, विधेयक सरकारनं आणलं तर ते गाडीत बसून येतं. साध्या आमदारानं आणलं तर पायी. आधी ते सभागृहात मांडतात, तेव्हा कुणी वाचत नाही. मग ते समितीकडे जातं. बहुतेक विधेयकं तिथंच जातात, आणि कुणी त्यांना मारतही नाही, नुसतं जेवायला घालत नाही. समितीनं ते विषयपत्रिकेवर घेतलं, लोकांची सुनावणी केली, एकेक कलम घासून पाहिलं आणि अहवाल दिला, तर ते पुन्हा सभागृहात. तिथं मतदान, मग राज्यपालांची सही, मग राजपत्रात छपाई. आणि हे सगळं सभागृहाची मुदत संपायच्या आत, कारण निवडणूक लागली की राहिलेली सगळी विधेयकं आपोआप मरतात. मुदतीला साडेचार महिने होते. नणंदेला डॉक्टरांनी साधारण तेवढेच दिले होते.

"मी मंत्रीसाहेबांना पत्र लिहू?" सिस्टरांनी विचारलं.

"लिही की. आवक नंबर पडेल, छान फाइल होईल. त्यापेक्षा ज्यानं मांडलंय त्याला गाठ."

ज्यानं मांडलं होतं तो आमदार पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचा आणि सभागृहात शेवटच्या बाकावर बसायचा. सगळे त्याला ड्रॉइंग मास्तर म्हणत. सिस्टर त्याच्या खोलीत गेल्या तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्यानं स्वतः खुर्ची पुसून दिली. या विधेयकासाठी त्याला भेटायला आलेलं ते पहिलंच माणूस होतं. अध्यक्ष सुनावणी लावत नाहीत, तो म्हणाला, म्हणतात मागणी कुठाय.

मागणी कशी दाखवायची हेही नणंदेनं सांगितलं. समितीच्या अध्यक्षाच्या खोलीबाहेर एक बाक असतो. त्यावर दर गुरुवारी जाऊन बसायचं. गणवेशात. काही बोलायचं नाही. बाहेर पांढऱ्या कपड्यातली बाई दर आठवड्याला बसलेली दिसली की आतल्या माणसाला आपल्याला काहीतरी झालंय असं वाटू लागतं. सिस्टर तीन गुरुवार बसल्या. चौथ्या गुरुवारी अध्यक्षांनी, जे राजकारणात यायच्या आधी विटांचा कारखाना चालवायचे, स्वतः बाहेर येऊन विचारलं की तुमचं नक्की काय आहे. सिस्टर म्हणाल्या, "सर, तुमचा डावा पाय सुजलाय, तो आधी दाखवून घ्या." सुनावणी लागली. पायही दाखवला असं पुढे कळलं.

आता बोलायची तयारी. सिस्टरांनी आठ पानं लिहून काढली, सुरुवात सेवाधर्मापासून होती. नणंदेनं चष्मा लावून पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं आणि बाकीची पाठीखाली सरकवली. म्हणाली, तिथं जरा टेकू हवाच होता.

"तुम्ही ड्यूटी संपल्यावर पुढच्या पाळीच्या सिस्टरला काय सांगता गं? आठ पानं?"

"छे हो. रोगी कोण, काय झालंय, काय दिलंय, काय द्यायचं राहिलंय."

"मग तेवढंच सांग. तेही राहिलेलं काय ते आधी. त्यांना बारा वाजता भूक लागते."

सिस्टरांनी जुन्या वॉर्डातल्या, इतर इस्पितळांतल्या, घरोघर फिरणाऱ्या अशा चाळीस जणी जमवल्या. कुणी साप्ताहिक सुट्टी दिली, कुणी रात्रपाळी करून तशीच आली. सगळ्या कडक इस्त्रीच्या गणवेशात. समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती: लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, झाकण घातलेले पाण्याचे पेले, मध्येच शिट्टी मारणारा माइक आणि मागे भिंतीला लावून लोकांसाठी खुर्च्या. त्या खुर्च्यांवर एक्केचाळीस जणी पाठ ताठ करून बसल्या. नऊ सदस्यांपैकी दोघं झोपेला आले होते, तेही सावरून बसले.

सिस्टर चार मिनिटं बोलल्या. आम्हाला हवं ते एक, त्या म्हणाल्या, डॉक्टरनं लिहून दिलेलं इंजेक्शन रोग्याच्या घरी द्यायची मुभा. मग माझ्याकडचे नऊ रोगी ऐका, असं म्हणून त्यांनी पाळीचा निरोप द्यावा तसे नऊ रोगी सांगितले. पहिला रोगी, निवृत्त सुतार, गाव इस्पितळापासून दोन तासांवर, मागच्या महिन्यात अकरा वेळा आणलं, बाराव्यांदा वाटेत गेला, रस्ता फार खराब आहे. दुसरी, तीन मुलांची आई. असं करत नववी, बासष्ट वर्षांची टायपिस्ट, तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या, एक बरगडी. ती आपली नणंद आहे हे त्यांनी सांगितलं नाही. निरोपात नातं सांगायची पद्धत नसते. बोलून झाल्यावर त्या मागे आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या. ड्रॉइंग मास्तर डोळे पुसत होता.

बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. अध्यक्षांची एक पद्धत होती: सुनावणीच्या शेवटी, वेळ वाचावा म्हणून, आधी विरोध असलेल्यांना उभं करायचे आणि लिपिकाला मोजायला सांगायचे. बाकीचे बाजूनं आहेत असं धरून चालायचं. त्यांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, "या विधेयकाला ज्यांचा विरोध आहे, त्यांनी उभं राहावं."

त्याच वेळी मागचं दार उघडलं आणि मोठे सर आत आले.

मोठे सर म्हणजे राज्यातले सगळ्यात वरिष्ठ सर्जन. डॉक्टरांच्या संघटनेतर्फे ते या विधेयकाला विरोध करायला येणार होते आणि नेहमीप्रमाणे पाऊण तास उशिरा आले होते. मागून दोन शिकाऊ डॉक्टर, हातात त्यांचे कागद. परिचारिकेच्या शिक्षणात शरीरशास्त्र दुसऱ्या महिन्यात येतं. मोठे डॉक्टर आत आले की उभं राहायचं, हे पहिल्या दिवशी सकाळी. डोकं त्यात पडत नाही, गुडघे आपलं आपण करतात. एक्केचाळीस खुर्च्या एकदम मागे सरकल्या. एक्केचाळीस जणी, हात मागे बांधून, ताठ उभ्या राहिल्या. सगळ्यांत आधी उभ्या राहिल्या सिस्टर.

लिपिकानं पेन्सिलीनं हवेत टिंबं देत मोजलं. मोठ्या सरांनी, तीस वर्षं राउंडला आल्यावर करतात तसा, हात जरा हलवून "बसा, बसा" म्हटलं. सगळ्या बसल्या.

"एक्केचाळीस विरोधात," लिपिक म्हणाला.

"नोंद घ्या," अध्यक्ष म्हणाले. "डॉक्टरसाहेब, आपलं म्हणणं लेखी द्या, बहुमत आपल्याच बाजूनं दिसतंय." आणि ते जेवायला उठले. सिस्टर माइकपाशी पोचल्या तोवर माइक बंद झाला होता. ड्रॉइंग मास्तरानं कपाळ हिरव्या कापडावर टेकलं होतं.

घरी येऊन सिस्टरांनी हे सगळं दारातच, चप्पल न काढता सांगितलं. नणंदेनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिचे खांदे हलायला लागले. तिनं दोन्ही हातांनी बरगडी दाबून धरली.

"पुन्हा सांग. आपल्याच विधेयकाविरुद्ध? तू पण?"

"मी पहिली."

"हसवू नकोस गं, मरेन मी आत्ताच. चौतीस वर्षांत असं नाही बघितलं. लाच घेऊन फिरलेले बघितले, दारू पिऊन फिरलेले बघितले. शिस्तीनं फिरलेलं कुणी नव्हतं."

सिस्टर पलंगाच्या कडेला बसल्या आणि रडल्या. वॉर्डात त्या कधी रडल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं, मध्येच उचकी लागत होती. नणंद हसायची थांबली. दुखणं सुरू झालं होतं. तिनं पलंगाचा दांडा धरला आणि दातांवर दात ठेवून बोलू लागली.

लिहिलेलं इतिवृत्त अजून कच्चं असतं, ती म्हणाली. पुढच्या गुरुवारी समिती ते कायम करते. तोपर्यंत, जो त्या खोलीत हजर होता तो लेखी दुरुस्ती सुचवू शकतो. पण तुम्ही एक्केचाळीस जणींनी पत्रं दिलीत तर अध्यक्ष म्हणणार, काल विरोध, आज पाठिंबा, बायकांचं काही खरं नाही. पत्र हवं विरोधकाचं. एकच पुरे.

"तू कुणासाठी उभी राहिलीस?"

"मोठ्या सरांसाठी."

"मग त्यालाच सांगू दे तसं."

"ते कशाला सांगतील, वन्सं? त्यांना तर हवंच आहे हे पडलेलं."

"त्याला विधेयक पडलेलं हवंय. पण तुम्ही त्याच्यासाठी उभ्या राहिल्या नव्हतात, हे त्याला चालेल का, ते विचारून ये."

मग हमालांना फोन करावा लागला. त्या दिवशी पायऱ्या उतरताना नणंद ओरडली नाही, नुसतं मोजत होती. चोपन्नावर पोचल्यावर म्हणाली, "सोमवारी जा. सोमवारी त्याची ओपीडी असते, माणूस खूश असतो."

सोमवारी सिस्टर मोठ्या सरांच्या खोलीत उभ्या होत्या. टेबलावर प्लास्टिकचा गुडघा होता, सर बोलताना तो उघडझाप करायचे. बावीस वर्षं सिस्टरांनी या माणसाला कात्री, चिमटा आणि दोरा दिला होता, त्यानं मागायच्या आधी. त्यांनी विधेयकाचा विषय काढलाच नाही. लिपिकाकडून आणलेली इतिवृत्ताची प्रत पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "सर, हे एकदा बघता का? यात तुमच्याबद्दल आहे."

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. गुडघा बंद केला.

"यात माझ्याबद्दल कुठं आहे?"

"तेच म्हणते, सर. नाहीच आहे."

"मी आत आलो म्हणून उभ्या राहिलात ना तुम्ही?"

"हो सर. एकतीस वर्षं राहतोय."

"मग हे काय लिहिलंय? विरोध दर्शवण्यासाठी? म्हणजे मी येतोय, आणि तुम्ही दुसऱ्याच कशासाठी तरी उभ्या आहात?"

"तसंच छापून येणार, सर. कायमचं राहतं ते, म्हणे."

सरांनी घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं. त्यांना मजकूर सांगायला मनापासून आवडे; शस्त्रक्रियेतही ते टाके घालता घालता पत्रं सांगत. त्यांनी खिडकीकडे तोंड करून सांगितलं की सदर परिचारिका केवळ आमच्या आगमनाप्रीत्यर्थ, वैद्यकीय क्षेत्रातील प्रदीर्घ परंपरेनुसार आदरानं उभ्या राहिल्या, त्याचा विधेयकाशी काडीमात्र संबंध नाही, आणि ही नोंद तत्काळ सुधारावी. मग ते थांबले. वळले.

"यात ही नववी रोगी आहे, टायपिस्ट. चोपन्न पायऱ्यांची. ही कोण?"

"माझी नणंद, सर."

"आठवड्यातून किती वेळा?"

"तीनदा. गेल्या आठवड्यात चारदा."

"आणि टोचतं कोण?"

"मीच."

"आणि डॉक्टर?"

सिस्टरांनी तीस वर्षांत सरांच्या तोंडावर उलट उत्तर दिलं नव्हतं. "दारात असतो, सर. फोन बघतो."

सरांनी प्लास्टिकचा गुडघा एकदा उघडून मिटला. मग टायपिस्टला म्हणाले, पुढे घ्या. आमचा या विधेयकास विरोध कायम आहे. तथापि परिचारिकेनं इंजेक्शन दिल्यापासून एक तासाच्या आत डॉक्टरला दूरध्वनीनं कळवावं अशी अट घातल्यास आम्ही फेरविचार करू. सही करताना ते सिस्टरांना म्हणाले, "माझं मत बदललेलं नाही, लक्षात ठेवा." सिस्टर म्हणाल्या, हो सर.

पत्र ऐकून नणंदेनं डोळे मिटले, ते समाधानानं. अट घालणारा माणूस विरोधक राहत नाही, ती म्हणाली, तो गिऱ्हाईक होतो.

गुरुवारी लिपिकानं पत्र वाचून दाखवलं. अध्यक्ष दोनदा हसले, एकदा मोठ्यांदा आणि एकदा आपण पण तिथं होतो हे आठवून जरा कमी. एक्केचाळीसचा आकडा विरोधाच्या रकान्यातून पाठिंब्याच्या रकान्यात गेला. अट चौथं कलम म्हणून घातली. सगळं सुरळीत चाललेलं बघून ड्रॉइंग मास्तरानं आनंदानं सिस्टरांना फोन केला, आणि सिस्टरांनी फोन नणंदेच्या कानाला लावला.

"पहिलं कलम वाचा," नणंद म्हणाली. त्यानं वाचलं. शासन राजपत्रात अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिनांकापासून हा कायदा अमलात येईल.

"ते काढा. अशा तारखेची वाट बघणाऱ्या कायद्यांचं एक अख्खं कपाट आहे तिकडे, जिन्याखाली. मीच कुलूप लावायचे. 'प्रसिद्ध झाल्याच्या दिवसापासून' असं घाला."

मास्तर म्हणाला, त्यानं अडचण होईल, खातं म्हणेल तयारीला वेळ हवा, आत्ता सगळे राजी आहेत तर कशाला छेडायचं, पुढच्या वर्षी दुरुस्ती आणू.

"पुढच्या वर्षी मी कशाला असेन हो?" नणंद म्हणाली. इतकं सरळ, की जणू ती बदलीची गोष्ट सांगत होती.

मग मास्तर म्हणाला, बघतो. आणि त्यानं बघितलं. आयुष्यभर शेवटच्या बाकावर बसलेला तो माणूस समितीत त्या एका ओळीसाठी पन्नास मिनिटं हटून बसला. शेवटी जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा अध्यक्ष म्हणाले, घाला एकदाचं.

सभागृहात मतदान झालं ते आवाजी, एका सोमवारी, पोलिसांच्या टोप्यांवरचा प्रश्न आणि एका सदस्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा यांच्या मध्ये. अध्यासनावरून कुणीतरी विचारलं, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं. एक आवाज झाला, गोठ्यात संध्याकाळी होतो तसा. संपलं. सिस्टर वरच्या सज्जात बसल्या होत्या. तिथं टाळ्या वाजवायला मनाई होती, तसा फलक होता, म्हणून त्यांनी वाजवल्या नाहीत. शेजारच्या माणसाला त्यांनी विचारलं, झालं का? तो म्हणाला, काय?

राज्यपालांची सही यायला एकोणीस दिवस लागले. कागद दुसऱ्या इमारतीत जाऊन तिथल्या तिथं पडून होता, कारण सही करणारे दौऱ्यावर होते. या एकोणीस दिवसांत नणंदेला सात वेळा खाली नेलं. पाचव्या खेपेपासून ती मोजेनाशी झाली. सहाव्या खेपेला हमालाला "सावकाश" म्हणायचंही तिनं सोडलं, आणि सिस्टरांना पहिल्यांदा वाटलं, आता वेळ निघून चालली.

विसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ते राजपत्रात छापून आलं. लिपिकानं प्रत स्वतः आणून दिली. तो नणंदेच्या हाताखाली शिकला होता. तो दारातूनच परतणार होता, पण तिनं आतून हाक मारली.

"बरोबर मोजलंस रे त्या दिवशी. एक्केचाळीसच होत्या." तो लाजला आणि गेला.

सिस्टर तडक इस्पितळात गेल्या. फार्मासिस्टनं कायदा बघितला, उलटून मागची कोरी बाजू बघितली, वरिष्ठांना फोन केला, वरिष्ठांनी त्यांच्या वरिष्ठांना. सिस्टर खिडकीपाशी उभ्या राहिल्या. पाऊण तास त्या पहिल्या कलमावर बोट ठेवून उभ्या होत्या, बोट उचललं नाही. दोन सह्या झाल्या. औषध बॅगेत आलं.

घरी त्यांनी हात धुतले, सुई भरली, हवा काढली. नणंदेच्या ओठांना रंग नव्हता. तरी ती म्हणाली, "आधी वाच."

"वन्सं, आधी टोचू दे."

"वाच म्हणते ना."

सिस्टरांनी वाचलं, पहिल्या कलमापासून. तिसऱ्या कलमात 'रोग्याच्या घरी' हे शब्द आले, तेव्हा नणंदेनं बाही वर केली.

पंधरा मिनिटांनी पलंगाच्या दांड्यावरची तिची मूठ सुटली. मग कपाळावरची आठी गेली. "दुखत नाहीये," ती म्हणाली, तक्रार करावी तशी, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, जे तिच्या बाबतीत गंभीर लक्षण मानायची सिस्टरांना सवय होती. त्यांनी नाडी बघितली. नाडी ठीक होती.

"बघतेस काय," नणंद डोळे मिटून म्हणाली. "फोन कर. कलम चार. तासाच्या आत."

फोन बाहेरच्या खोलीत होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरला हा कायदा ठाऊक नव्हता. सिस्टरांनी तो समजावून सांगितला, मात्रा सांगितली, वेळ सांगितली. पेशंट कशी आहे, त्यानं विचारलं. "आज्ञा सोडतेय," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यानं ते तसंच लिहून घेतलं असावं, कारण पलीकडे पेनचा आवाज आला.

त्या परत आल्या तर नणंद झोपली होती. भिंतीकडे तोंड करून, तडकलेल्या बरगडीवर, वहिनीकडे खुशाल पाठ फिरवून, घोरतही होती. सिस्टरांनी खुर्ची ओढली, पण ती फरशीवर वाजेल म्हणून थांबल्या आणि उभ्यानंच बॅगेतून रजिस्टर काढलं. तारीख, मात्रा, तीन वाजून दहा मिनिटं. शेवटचा रकाना ठिकाणाचा होता. अडतीस वर्षं या औषधापुढे त्यात 'इस्पितळ' हा एकच शब्द लिहीत आल्यामुळे पेन आपोआप त्याच अक्षराला लागलं. त्यांनी ते नेटकं खोडलं, बाजूला बारीक सही केली आणि पुढे लिहिलं: घर.